बोट सुटत नाहीये हो!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. आधीच सांगून ठेवतो, नंतर तक्रार नको.

परवा ऑफिसातल्या एका मित्राने चॅटवर एक एक्सेल शीट टाकलं. फाइलचं नाव ‘कोकण फायनल फायनल ३’. मी मूळचा राजापूरचा, त्यामुळे दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की टीममधल्या निम्म्या लोकांना माझी आठवण येते. (एरवी बिल्ड फुटला की येते.) शीट उघडलं. पहिला दिवस पुणे-कोल्हापूर-अणुस्कुरा घाट-राजापूर. ठीक. दुसरा दिवस मात्र जसाच्या तसा देतो:

सकाळी ७ उन्हाळे आणि गंगा, ८ धूतपापेश्वर, ९.३० आडिवऱ्याची महाकाली, १०.१५ कशेळीचा कनकादित्य, १०.४५ देवघळी, ११.१५ कातळशिल्प, १२.३० जेवण, १.३० यशवंतगड, २.३० आंबोळगड, ३.३० मुसाकाजी, ४.३० जैतापूरची खाडी, ६ वाजता विजयदुर्गाला सूर्यास्त.

बरोबर कोण? बायको, आई-बाबा आणि दोन मुलं. मोठा चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. आणि खाली मला प्रश्न: "तू लोकल आहेस म्हणून विचारतो, काही राहत तर नाही ना?"

मी लिहिलं, "राहतायत. मुलं राहतायत." त्याला वाटलं मी विनोद केला. स्मायली टाकून गप्प बसला. म्हणून हा सगळा प्रपंच.

मुद्दा सरळ सांगतो. लहान मुलांना घेऊन कोकणात ‘पॉइंट करणं’ हा निव्वळ वेडेपणा आहे, आणि तो आपण शिकलेली, प्लॅनिंगचा पगार घेणारी माणसं सगळ्यात जास्त करतो. मुलं सहाच्या आतली असतील तर एका दिवसात एक ठिकाण. दोन नाही. एक!

आता थोडं विषयांतर. माझा एक जुना टीममेट फ्लोरिडात ऑनसाइट आहे. मागे ख्रिसमसच्या सुट्टीत तो, बायको आणि दोन मुलं मायामीहून कॅरिबियन क्रूझवर गेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही बोट रात्री चालते, सकाळी एखाद्या बेटाला लागते आणि संध्याकाळी सुटते. मधल्या सहा-आठ तासांत तुम्ही किनाऱ्यावर उतरून जे काय बघायचं ते बघायचं. सुटायच्या आधी अर्धा-एक तास सगळे आत पाहिजेत. बोटीच्या कंपनीकडून घेतलेली सहल उशिरा आली तर बोट थांबते. तुम्ही स्वतः टॅक्सी करून गेलात आणि उशीर झाला, तर बोट जाते आणि पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने विमान! वर बोटीचं घड्याळ आणि बेटाचं घड्याळ कधीकधी एका तासाने वेगळं असतं. म्हणजे टेन्शन घ्यायला पूर्ण जागा आहे.

या पठ्ठ्याने काय केलं? कोझुमेलला बोट लागली. तिथून चिचेन इट्झाची सहल निघते. २००७ मध्ये जगातल्या नव्या सात आश्चर्यांत निवडलं गेलेलं ठिकाण. पण आधी फेरीने मुख्य भूमीवर जायचं, मग दोन-अडीच तास बस, आणि तेवढंच परत. याने ते सरळ सोडलं. पंधरा मिनिटांवर सावली आणि संडास असलेला एक बीच शोधला, अडीच तास मुलांना वाळूत सोडलं आणि एक वाजता झोपायच्या वेळेला बोटीवर परत. मी म्हटलं, "अरे, जगातलं आश्चर्य सोडलंस?" तर म्हणाला, "मुलीला शिंपला सापडला. तेवढं आश्चर्य तिला बास होतं."

पुढचं बंदर ग्रँड केमन. तिथे मोठ्या बोटींना धक्काच नाही. बोट समुद्रात नांगर टाकते आणि छोट्या बोटींतून लोकांना किनाऱ्याला नेतात. तिथे लोक भर समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यावर जाऊन कमरेएवढ्या पाण्यात स्टिंगरे माशांमध्ये उभे राहतात. भयंकर फेमस प्रकार. हा गेला नाही. म्हणाला, "कमरेएवढं म्हणजे माझ्या कमरेएवढं. पोरीच्या डोक्यावरून जातं ते."

म्हणजे बघा. ज्याची बोट खरोखर सुटणार होती तो माणूस निवांत. आणि आपण? स्वतःची गाडी, स्वतःचा वेळ, रूम दोन रात्री बुक. मुंबई-गोवा क्रूझसुद्धा आमच्या किनाऱ्यासमोरून लांबून निघून जाते, राजापूर तालुक्यात थांबत नाही. तरी आपण सकाळी सातपासून मुलांच्या मागे "चल चल, उशीर होतोय" करत धावतो. कशाला उशीर होतोय? कुठली बोट सुटतेय?

आता तुम्ही म्हणाल, हा मोठा शहाणा. तर तसं नाही. मी स्वतः हे केलंय, आणि त्याचा हिशोब अजून डोक्यातून जात नाही.

२०२४ ची दिवाळी. ठाण्याहून ताई, भावोजी, सहा वर्षांचा भाचा आणि साडेतीन वर्षांची भाची घरी आले होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फिरायला जायचं ठरलं. प्लॅन अर्थातच मी केला. नऊ ठिकाणं. प्रत्येकाला मिनिटं दिलेली, उशीर झाला की सेल लाल व्हायचा. काय अभिमान होता मला त्या शीटचा!

आठला निघायचं ते नऊ वीसला निघालो. उन्हाळ्याला गरम पाण्याच्या झऱ्यापाशी भाच्याने पाय सोडले आणि त्याला तिथून हलायचंच नव्हतं. जमिनीतून गरम पाणी कसं येतं, खाली कोण शेगडी पेटवतं, असं चाललं होतं त्याचं. पंधराव्या मिनिटाला मी त्याला उचलून गाडीत टाकला. कशेळीला पोचेपर्यंत बारा वाजले होते. भाची गाडीत झोपलेली, म्हणून कनकादित्याचं दर्शन पाळीपाळीने. कातळशिल्पाला तर भर दुपारी. काळा कातळ तव्यासारखा तापलेला. सात मिनिटं थांबलो, फोटो काढला, निघालो. नाट्याच्या रस्त्याला वळणावळणांवर भाचीला उलटी झाली. गाडी धुतली. शीट पूर्ण लाल.

आणि सव्वापाचला आंबोळगड. सूर्यास्त पकडायचा होता ना! सगळे दमलेले, चिडलेले. ताई पिशवीत कोरडे कपडे शोधत होती, भावोजी फोनवर, आणि मी मोबाईल आडवा धरून फ्रेम बघत होतो. भाची पाण्याच्या कडेला होती. कडेलाच, घोट्याएवढ्या पाण्यात. एक लाट आली, आणि परत जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली. पोरगी बसली, आडवी झाली आणि घसरत आत निघाली. मी धावलो. दंड हाताला लागला. सगळं मिळून चार-पाच सेकंदांचं काम. तिला काही झालं नाही. नाकातोंडात पाणी, रडारड, बस. पण त्या चार सेकंदांत तिच्याकडे आमच्यापैकी एकही मोठा माणूस बघत नव्हता, हे खरं आहे.

बाजूला एक काका जाळं आवरत होते. ते जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "आज तृतीया. पाणी सव्वादोनाकच भरला. आता ओढ भायेरची. पोरांना आता सोडतत काय?"

मी इंजिनीयर. खिशात दोन फोन. आणि पाणी आत येतंय की बाहेर जातंय हे मला माहीत नव्हतं. राजापूरचा असून!

तर हे त्या काकांचं गणित, सगळ्यांनी लिहून घ्या. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची साधारण वेळ. तृतीया म्हणजे तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. दुपारी सव्वादोन आणि पहाटे सव्वादोनच्या आसपास पाणी भरणार. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, म्हणजे तुमच्या सूर्यास्ताला पाणी भरलेलं. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे सूर्यास्ताला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. भरती आणि ओहोटीच्या मधल्या दोन तासांत ओढ सगळ्यात जास्त. हे गणित ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. नेमकी वेळ हवी तर मोबाईलवर भरती-ओहोटीचं कोष्टक सहज मिळतं. पण किती जण बघतात? आपण हॉटेलचे रिव्ह्यू चाळीस वाचतो आणि समुद्राचं टाइमटेबल शून्य वेळा बघतो.

ही भीती घालायची म्हणून घालत नाहीये. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली डझनाहून जास्त कॉलेजची मुलं बुडाली. ती मोठी होती, धडधाकट होती. साडेतीन वर्षांच्या पोरीची काय कथा?

आता कोणी म्हणेल, ती नजरचूक होती, त्याचा नऊ पॉइंटांशी काय संबंध? संबंध आहे. नवव्या ठिकाणी पोचणारा माणूस दमलेला असतो, लक्ष घड्याळाकडे असतं आणि मुलांची झोप उडालेली असते. सूर्यास्ताची आणि तुमच्या थकव्याची वेळ एकच येते. हा अपघात नाही, हे डिझाइन आहे. आणि डिझाइन माझं होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर कॉन्टेक्स्ट स्विचिंगचा खर्च. गाडी थांबली की मुलांना जागं करा, चपला शोधा, शू, पाणी, टोपी. परत बसताना पाय धुवा, वाळू झटका, कपडे बदला, "माझा शिंपला राहिला" म्हणून परत जा. मी त्या दिवशीचे फोटो काढून वेळा तपासल्या. प्रत्येक थांब्याला सरासरी पंचवीस मिनिटं यातच गेली. बारा थांबे म्हणजे पाच तास! वर गाडीतले चार-साडेचार तास. म्हणजे माझ्या मित्राच्या अकरा तासांच्या दिवसात बघायला उरतात दीड-दोन तास. बाराने भागा. आठ-दहा मिनिटं दर ठिकाणी. यालाच आपण सहल म्हणतो.

बरं, काही ठिकाणं तर तुमच्या शीटमध्ये मावतच नाहीत. मित्राने लिहिलंय, ‘गंगा, २० मिनिटं’. अरे बाबा, राजापूरची गंगा साधारण तीन वर्षांनी येते, आणि अलीकडे तेही वेळापत्रक पाळत नाही. आली की चौदा कुंडं भरतात, काही दिवस राहते आणि एक दिवस गुपचूप जाते. ती तुझ्या कॅलेंडर इन्व्हाइटवर येणार नाहीये. :)

पुढची गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी ताईने जाहीर केलं, "आज कुठेही नाही." पण भाचा म्हणाला, हत्ती परत बघायचा. कशेळीच्या सड्यावर जमिनीत एक भलामोठा हत्ती कोरलेला आहे, आणि त्या हत्तीच्या आकृतीच्या आत बाकीचे प्राणी, पक्षी, मासे. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात हे आहे. आदल्या दिवशी आम्ही ते सात मिनिटांत ‘केलं’ होतं.

या वेळी मी आणि भावोजी मुलांना घेऊन सकाळी सव्वासातला निघालो. एकच ठिकाण. कातळ अजून थंड होता. चटई, छत्री, पाणी, घावन-चटणीचा डबा. भाच्याने कडेकडेने चालत प्राणी शोधायला सुरुवात केली. रेषांवर पाय द्यायचा नाही हे एकदा सांगितलं, पुरलं. अर्ध्या तासाने ओरडला, "मामा, मासा!" मग दुसरा. मग म्हणे, हत्तीच्या पोटात मासा कसा गेला? कोणी काढलं? कशाने काढलं? मी म्हटलं, हे नक्की कोणी आणि कशासाठी कोरलं ते मोठ्या माणसांनाही अजून ठाऊक नाही. त्याचा चेहरा बघायला हवा होतात! मोठ्या माणसांना माहीत नाही अशी गोष्ट असते, हे त्याला पहिल्यांदाच कळलं असावं. भाची चटईवर बसून दगडांची रांग लावत होती. दोन तास गेले. दहाला ऊन चढायच्या आत निघालो, बाराला घरी जेवण, दुपारी सगळे झोपले. मीसुद्धा.

आज भाच्याला त्या नऊ ठिकाणांतलं काय आठवतं ते विचारा. हत्ती. आणि उन्हाळ्याचं गरम पाणी, जिथून मी त्याला उचलून नेलं म्हणून तो अजून चिडलेला आहे.

आता ठरलेले आक्षेप घेऊ.

"अरे, रजा मिळत नाही, एवढ्या लांब येऊन एकच ठिकाण?" मान्य, रजा मलाही मिळत नाही. पण रजा कमी आहे म्हणून ती गाडीत घालवायची, हे कुठलं लॉजिक?

"मुलांना सगळं दाखवायला हवं, एक्स्पोजर मिळतं." दीड वर्षाच्या मुलीला यशवंतगडाचं एक्स्पोजर? १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली, हे ती कडेवरून ऐकणार आहे का? ते आपल्याला बघायचं असतं, नाव मुलांचं. बघायचं असेल तर खुशाल बघा, पण मग एकाने मुलांजवळ थांबा आणि दुसऱ्याने जा.

"आई-बाबांना देवदर्शन हवं असतं." हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यांची हौस मारा असं मी म्हणत नाही. गाडी करून द्या, त्यांना आडिवरे-कशेळी निवांत करू दे. मुलं त्या वेळी अंगणात पाणी उडवत बसतील. सहा जणांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे असा नियम कोणी केला?

थोडं आम्हा राजापूरकरांनाही ऐकवतो, नाहीतर भांडण एकतर्फी होईल. ही पॉइंटांची भूक आम्हीच वाढवतो. कुठल्याही होमस्टेची जाहिरात बघा, ‘आमच्याकडून पंधरा पॉइंट जवळ’. जवळ म्हणजे तासभर लांब, हे नाही सांगत. पाहुण्याला "आज फक्त इथे जा, दुपारी जेवायला या आणि झोपा" असं सांगणारा यजमान विरळा. आणि किनाऱ्यावर काय आहे? गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत. ते आम्हाला परवडत नाही म्हणा. पण एक काळा फळा आणि खडू? रोज सकाळी कोणीतरी तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ एवढं लिहायचं. त्या जाळंवाल्या काकांना पाचवीपासून येत असणारं गणित आहे ते. आणि एक स्वच्छ संडास, ज्यात आई मुलीला घेऊन जाऊ शकेल. एवढं झालं तरी पुष्कळ.

हे सगळं आजीला सांगत होतो, तर तिने तिची गोष्ट काढली. लग्नानंतर ती मुंबईत असताना मे महिन्यात कोकण बोटीने गावी यायची. बोट मुसाकाजीला थांबायची, तीही लांब, समुद्रात. मग पडाव यायचा. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी मुलाला वरून खाली झेलायचा. (ग्रँड केमनला आज जे चालतं, ते आमच्याकडे आजीच्या काळात होतं, फक्त लाइफ जॅकेटशिवाय!) कडेवर एक, हाताला एक, ट्रंक, आणि पुढे घर. मी विचारलं, "मग उतरल्यावर पहिलं काय करायचीस?"

"पोरं मोजायची. दुसरं काय?"

"आणि मग कुठे फिरायला?"

"फिरायला कशाला? आलो की मग."

असो. कोणाला पटो न पटो, मी माझं सांगितलं. तिथीच्या गणितात काही चुकलं असेल तर जाणकारांनी सुधारावं, चूभूद्याघ्या.

ता. क. मित्राने काल रात्री नवीन शीट पाठवलंय, ‘फायनल ४’. दुसऱ्या दिवसासमोर फक्त एकच ओळ: ‘कशेळी, सकाळी, हत्ती’. शेजारी त्याने तिथीसुद्धा लिहिलीय. बरं वाटलं. पण तिसऱ्या दिवशी मालवणचे सात पॉइंट आहेत. सोमवारी हापिसात गाठतो त्याला.